६२४ आवाजांची पेटी : टेनसीसीचं ‘आयम नॉट इन लव्ह’ कसं बनलं, आणि आज तसं करायचं तर

खर्ज (धागाकर्ता)

टेनसीसी या ब्रिटिश बँडचं ‘आयम नॉट इन लव्ह’ हे गाणं १९७५ चं. त्याच्यामागे ‘आऽ’ असा एक आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेला असतो. ते कुठल्या सिंथेसायझरचं काम, हा प्रश्न हमखास येतो. ते सिंथ नाही, मेलोट्रॉन (टेपवर नोंदवलेले आवाज पट्ट्यांनी वाजवायचं वाद्य) नाही आणि बाहेरून बोलावलेला गायकांचा ताफाही नाही. तीन माणसांचे गळे, सोळा ट्रॅकचं (एकाच टेपवर सोळा आवाज वेगवेगळे नोंदवणारं) टेपमशिन, ब्लेड, जोडपट्टी आणि मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते दांडे), एवढ्यावर ते उभं आहे. ते कसं जमवलं आणि का जमलं, यासाठी हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. बँडमध्ये चौघं : एरिक स्टुअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये वॉटर्लू रोडवर स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता, त्यात स्टुअर्टची भागीदारी होती, आणि बँडच्या रेकॉर्डिंगचं तंत्रही तोच सांभाळायचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तासाच्या भाड्यावर घेतलेल्या स्टुडिओत नुसत्या ‘आऽ’साठी तीन आठवडे कुणी दिले नसते.

गाणं स्टुअर्ट आणि गोल्डमनचं. पहिल्यांदा ते बोसा नोव्हाच्या (ब्राझीलची एक संगीतशैली) चालीवर वाजवून पाहिलं. गॉडलीला ते अजिबात पटलं नाही, आणि ती टेप पुसून टाकली गेली. पण स्टुडिओतली माणसं ते गुणगुणत राहिली, म्हणजे चालीत दम होता. मग गॉडलीनेच सुचवलं की वाद्यं बाजूला ठेवू आणि सगळं आवाजांनी करू. एवढे आवाज आणायचे कुठून, यावर क्रीमचं उत्तर होतं टेपचे लूप.

कृती अशी :

पहिली पायरी. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम यांनी एकच सूर धरून आकार लावायचा. तिघांचा आवाज एका ट्रॅकवर. मग तोच सूर पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर, असं सोळा वेळा. ३ गुणिले १६ म्हणजे ४८ आवाज, सगळे एकाच सुरावर. हे सोळा ट्रॅक मिसळून स्टिरिओ टेपवर घ्यायचे, आणि पुढचा सूर धरायचा.

सूर किती? कोमल-तीव्र धरून बारा आणि वरचा सा, म्हणजे तेरा. पेटीवर एका सापासून वरच्या सापर्यंत जेवढ्या पट्ट्या, तेवढे. ४८ गुणिले १३ म्हणजे ६२४. या गाण्याबद्दल सांगितला जाणारा ६२४ चा आकडा तो हाच.

दुसरी पायरी. प्रत्येक सुराच्या स्टिरिओ टेपचा तुकडा कापून त्याची टोकं एकमेकांना जोडायची. हा लूप मशिनवर फिरत राहिला की सूर कधी संपतच नाही.

तिसरी पायरी. हे लूप एकेक करून पुन्हा सोळा ट्रॅकच्या टेपवर उतरवायचे, गाण्याच्या लांबीपेक्षा जास्त वेळ. आता एका ट्रॅकवर फक्त सा, दुसऱ्यावर फक्त कोमल रे, तिसऱ्यावर शुद्ध रे, आणि सगळे अखंड चालू.

चौथी पायरी, आणि खरी गंमत इथे आहे. मिक्सरसमोर चौघं बसले. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार फेडर. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलला की त्याचे सूर वर, आधीचे खाली. फेडर म्हणजे पट्ट्या आणि मिक्सर म्हणजे पेटी. हे वाजवलेलं दोन ट्रॅकवर घेतलं की पार्श्वभूमी तयार.

बाकीचं सामान अगदी मोजकं : फेंडर ऱ्होड्स पियानो, हलकी गिटार, मूग सिंथेसायझरवरचा ठेका, मधल्या भागात ग्रँड पियानो आणि बेस गिटारचा तुकडा, शेवटी खेळण्यातली म्युझिक बॉक्स. आणि स्टुअर्टचा गळा.

जाणकारांनी भर घालावी. लूपच्या जोडाबद्दल @टेपकाप यांनी लिहावं अशी खास विनंती.

टेपकाप

लिहितो. दुसरी पायरी वाचायला एका ओळीची आहे, पण या कामातली सगळ्यात किचकट तीच.

लूपच्या जोडापाशी तीन गोष्टी बिघडतात. एक, टक आवाज. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलेलं असेल तर कापल्या जागी टेपवर ते उमटतं आणि जोड मशिनच्या हेडवरून (टेप वाचणारा भाग) गेला की टक वाजतं. म्हणून कापण्याआधी ब्लेड डीमॅग्नेटाइझ करतात. टेप सरळ न कापता तिरकी कापायची, साधारण ४५ अंशात. तिरक्या जोडात जुना आवाज संपता संपता नवा सुरू होतो. सरळ जोडात तो एका क्षणी तुटतो.

दोन, आवाजातला फरक. माणसाने धरलेला सूर सुरुवातीला भरीव असतो, दम संपत आला की पातळ होतो आणि किंचित उतरतो. शेवटाला सुरुवात चिकटवली की दर फेरीला तिथे झोल येतो. टक काढून टाकता येतं, हा झोल ब्लेडने जात नाही. सोळा ट्रॅकच्या सरासरीमुळे तो बराच बुजतो, पण पूर्ण नाही.

तीन, ताण. टेपमशिन रिळांच्या ताणावर चालतं. लूपला रीळ नसतं, त्यामुळे मागचा ताण जातो, टेप हेडवर नीट टेकत नाही, वरचे स्वरांश (मुळ सुरासोबत वाजणारे बारीक वरचे सूर) पुसट होतात आणि पट्टीही डगमगते. म्हणून लूप मशिनच्या बाहेर काढून माइक स्टँडला लावलेल्या रोलरवरून फिरवला. स्टँड मागे सरकवला की ताण वाढतो, पुढे आणला की कमी होतो. फार ओढला तर जोड ताणला जातो आणि पट्टी बदलते. बोटाने हलकं दाबलं तर टेप जराशी दबून परत वर येईल, एवढाच ताण हवा.

लांबीचं गणित : हे लूप साधारण बारा फुटांचे सांगितले जातात. १२ फूट म्हणजे १४४ इंच. सेकंदाला १५ इंच वेगाने ९.६ सेकंदांची फेरी, ३० इंच वेगाने ४.८ सेकंदांची. दोन फुटांचा लूप केला असता तर १५ इंच वेगालाही जोड दर दीड-पावणेदोन सेकंदांनी आला असता आणि कानाने त्याला ठेका म्हणून धरलं असतं. लूप लांब ठेवण्याचं कारण हे.

निषाद

@टेपकाप, ताणाचा मुद्दा फार नेमका. अठ्ठेचाळीसच्या आकड्याबद्दल माझी भर.

एकाच सुरावर अनेक गळे लागले की कुणीच नेमक्या जागी नसतो. एक सेमीटोन म्हणजे १०० सेंट धरले तर चांगला गाणाराही पाच-दहा सेंट इकडेतिकडे असतो. २२० हर्ट्झवर दोन आवाजांत १० सेंटचा फरक असेल तर सेकंदाला साधारण १.२७ आंदोलनं ऐकू येतात. फक्त दोनच आवाज असतील तर ती मोजता येतात आणि सूर हेलकावतोय असं वाटतं. अठ्ठेचाळीस झाले की जोड्यांची संख्या ११२८ होते, प्रत्येक जोडीची लय वेगळी, आणि कुठलंच एक आंदोलन कानाला सापडत नाही. उरते ती फक्त चमक. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी तंतोतंत मिळवल्या तर जो निर्जीवपणा येतो आणि केसभर सोडल्या तर जी जान येते, त्यातलं तत्त्व हेच.

म्हणून एकच रेकॉर्डिंग सोळा वेळा चिकटवून भागत नाही. तंतोतंत नक्कल नुसती मोठी होते, जाड होत नाही. सोळा प्रती एकमेकांवर ठेवल्या तर पातळी २४ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढेल आणि आवाज मात्र तिघांचाच राहील. सोळा वेळा वेगळं गायलं तर पातळी साधारण १२ डीबीने वाढते आणि गळे खरोखर अठ्ठेचाळीस होतात. या गाण्यातली मेहनत जिरली आहे ती इथे.

कोरी_पाटी

छान माहिती. दोन शंका. तेराही सूर वेगळे गायची गरज काय होती? एक सूर घेऊन टेपचा वेग कमी-जास्त केला असता तर बाकीचे बारा मिळाले नसते का? आणि मेलोट्रॉन का नाही चालला असता?

निषाद

वेग बदलला की पट्टीबरोबर तोंडाच्या पोकळीची घडणही सरकते. चार सेमीटोन वर नेलं तर सगळं १.२६ पटीने वर जातं : गळा लहान मुलाचा वाटू लागतो, गळ्यातलं सेकंदाला साडेपाच वेळा होणारं कंपन सातच्या जवळ जातं, लूपची फेरी आखूड होते. एखाद-दुसऱ्या सेमीटोनपर्यंत खपून जातं. पण कॉर्डमध्ये खरा सा आणि वेगाने चढवलेला ग शेजारी आले की दोन वेगळ्या जातीचे आवाज ऐकू येतात आणि ते एकजीव होत नाहीत. सगळ्या पट्ट्या गाऊन घेतल्या की प्रत्येक सुरात तेच तीन गळे, त्याच जोरात, त्याच खोलीत.

मेलोट्रॉनमध्ये वाजवायच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते, लूप नसतो. साधारण आठ सेकंदांत ती संपते आणि बोट उचललं की स्प्रिंगने मागे येते. त्यामुळे प्रत्येक वेळी सुराला सुरुवात असते आणि शेवट असतो. या गाण्यात सुराला सुरुवातच नाही. फेडर वर नेताना तो आधीपासून चालूच असतो, तुम्ही फक्त दार उघडता.

फेडरवाली

चौथ्या पायरीतली एक बारीक गोष्ट अजून आली नाही. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या तळाशी आडवी गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी) चिकटवली होती. फेडर खाली ओढला तरी तो त्या पट्टीवर अडायचा. परिणाम असा की कॉर्डमध्ये नसलेले सूरही अगदी मंद चालू राहतात. बाराच्या बारा सूर एकत्र, ऐकू येतील न येतील असे. गाण्यात जो दाट, किंचित अस्वस्थ पडदा आहे तो त्यातून येतो. सगळा कॉर्ड स्वच्छ लावला असता तर ते चर्चच्या ऑर्गनसारखं झालं असतं.

हे करताना पातळी नीट मोजायला हवी, कारण मंद असले तरी ते तेरा ट्रॅक आहेत. वेगवेगळे आवाज मिळवले की तेरांची बेरीज सुमारे ११ डीबीने वाढते. प्रत्येक फेडर उणे ३० वर अडवला तर एकूण पडदा उणे १९ च्या आसपास जातो, आणि तो फार होतो : कॉर्ड चिखलात रुतल्यासारखा वाटतो. उणे ३६ ठेवला तर बेरीज उणे २५. तिथून सुरू करून कानाने ठरवावं. कॉर्ड चालू असताना पडदा वेगळा ऐकू येता कामा नये, पण तो बंद केला तर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.

दुसरं, वाजवण्याबद्दल. फेडर ठेक्यावर उचलायला घेतला तर कॉर्ड उशिरा येतो, कारण तो भरायला वेळ लागतो. अर्धी मात्रा आधी उचलायला सुरुवात करायची. आणि जुना सूर नवा येण्याआधी सोडायचा नाही. चढ साधारण अर्धा सेकंद, उतार त्याच्या दुप्पट. खाली गेलेला सूर थोडा रेंगाळला पाहिजे.

सगळं एकाच सप्तकात असल्याचा फायदाही इथेच आहे. ध-सा-ग वरून सा-ग-प वर जायचं असेल तर सा आणि ग जागचे हलत नाहीत, फक्त ध उतरतो आणि प चढतो. दोनच फेडर. उडी मारायला जागाच नाही, म्हणून चाल आपोआप गुळगुळीत राहते. मला तर वाटतं की तेराऐवजी पंचवीस सूर असते तर हे इतकं चांगलं झालं नसतं.

टेपकाप

@फेडरवाली, पडद्याबद्दल सहमत. त्यात टेपचा ‘सूऽ’ आवाजही धरा. सोळा ट्रॅक मिसळले की तो १२ डीबीने वाढतो, आणि ते तेरा वेळा झालंय.

निषाद

@टेपकाप, इथे थोडी दुरुस्ती. सोळा ट्रॅकचा ‘सूऽ’ १२ डीबीने वाढतो हे बरोबर, पण त्यावरचे आवाजही तेवढेच वाढतात, म्हणून दोघांमधलं अंतर त्या पायरीत बिघडत नाही. बिघडतं ते प्रतीवरून प्रत काढल्यामुळे. मोजून पाहा : मूळ सोळा ट्रॅक ही पहिली, लूपची स्टिरिओ टेप दुसरी, परत सोळा ट्रॅकवर तिसरी, फेडर वाजवून दोन ट्रॅकवर चौथी, अंतिम मिक्स पाचवी. प्रत्येक वेळी सारखाच ‘सूऽ’ मिळतो असं ढोबळ धरलं तर पाचव्या प्रतीत तो सुमारे ७ डीबीने चढलेला असतो. वरचे स्वरांशही प्रत्येक प्रतीत थोडे झिजतात. या गाण्यात आवाजांना जो मऊपणा आहे, त्यात या झिजेचा वाटा आहे.

टेपकाप

बरोबर आहे, माझं चुकलं. प्रतींचा हिशोब धरायला हवा होता.

मात्रा

ठेक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. यात ड्रमसेट नाही. गॉडलीने मूग सिंथेसायझरवर बास ड्रमसारखा एक मऊ ठोका काढला, छातीतल्या ठोक्यासारखा. खरा बास ड्रम इथे चालला नसता, कारण त्याच्या बीटरचा ‘टप्’ वरच्या पट्टीत येतो आणि आकाराच्या पडद्याला भोक पाडतो. स्नेअर आणि झांजांची तीच अडचण : ‘सूऽ’ आणि आकार जिथे राहतात तीच जागा त्यांची.

आज करायचा तर कुठल्याही सिंथवर साइन लहर, ५० ते ६० हर्ट्झ. उठाव ३ ते ५ मिलिसेकंदांचा. शून्य ठेवला तर टक येतं. घट २०० मिलिसेकंदांच्या आसपास. त्यावर लो-पास फिल्टर (वरचे आवाज कापणारा) १५० ते २०० हर्ट्झला. लहान स्पीकरवर ऐकू येत नाही म्हणून फिल्टर वर नेण्याचा मोह होतो. त्याऐवजी अगदी थोडं सॅच्युरेशन (लहरीला दिलेली सौम्य विकृती) द्यावं, म्हणजे १००-१५० च्या आसपास स्वरांश तयार होतात आणि मऊपणाही जात नाही.

आणि क्वांटाइझ (ठोके संगणकाने काटेकोर वेळेच्या जाळीवर बसवणं) करताना जपून. या गाण्यात ऱ्होड्स आणि ठोका यांच्यात माणसाच्या हाताची ढिलाई आहे. दोन्ही जाळीवर बसवले की पडद्याचं तरंगणं आणि ठेक्याचं कडक चालणं यांचं जुळत नाही.

फेडरवाली

मधल्या भागातल्या कुजबुजीबद्दल. ‘मोठी मुलं रडत नाहीत’ या अर्थाचं जे वाक्य पुन्हा पुन्हा येतं, तो आवाज कॅथी रेडफर्नचा. त्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत सेक्रेटरी होत्या. त्या भागात काय टाकावं यावर विचार चालू होता, तेवढ्यात त्यांनी दार उघडून, आत काम सुरू आहे म्हणून अगदी हळू आवाजात, स्टुअर्टला फोन आल्याचं सांगितलं. क्रीमने तो आवाज तिथेच पकडला. त्या तयार नव्हत्या, त्यांना समजावून माइकसमोर उभं केलं.

तंत्राच्या बाजूने पाहिलं तर कुजबूज हे नाजूक प्रकरण. त्यात सूर नसतो, नुसती हवा. त्यामुळे पातळी फार कमी आणि माइकच्या प्रीॲम्पचा आवाज लगेच वर येतो. माइक तोंडापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर, पण समोर नाही, ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, म्हणजे ‘ब’ आणि ‘प’ चे फटके बसत नाहीत. ८० हर्ट्झखालचं कापायचं. काँप्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ४:१, आणि ‘स’ टोचत असेल तर ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर. रिव्हर्ब जवळजवळ नको. बाकी सगळं धूसर आणि हा एकच आवाज कानाशी, म्हणून तो अंगावर येतो. त्यालाही रिव्हर्बमध्ये बुडवलं तर तो पडद्यातच हरवेल.

निषाद

त्याच वर्षी, १९७५ च्या ३१ ऑक्टोबरला, क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, त्यामुळे आपल्याकडे टेपवर आवाजांचे थर म्हटलं की तेच आधी आठवतं. तिथेही गाणारे तिघंच : मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. पण पद्धत अगदी उलटी. तिथे प्रत्येक ओळ, प्रत्येक शब्द, प्रत्येक सुरावट प्रत्यक्ष गायलेली आहे, आणि जागा संपली की ट्रॅक एकत्र करून पुढचा थर. म्हणजे ती गायकी आहे. टेनसीसीने आधी गळ्यांचं वाद्य बनवलं आणि मग ते वाजवलं. पुढे सॅम्पलर (नोंदवलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणारी यंत्रं) आले तेव्हा त्यांनी हेच काम केलं. इथे ते ब्लेडने आणि माइक स्टँडने करून झालं होतं.

खर्ज (धागाकर्ता)

प्रतिसादांमुळे धागा फार भरीव झाला. @कोरी_पाटी यांनी घरी कसं करावं हेही व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलंय, ते इथेच लिहितो म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल.

अठ्ठेचाळीसचा हट्ट नको. तिघं गाणारे आणि प्रत्येक सुराचे चार टेक, म्हणजे १२ आवाज. तेरा सुरांचे टेक ५२. एकेक टेक पंधरा सेकंदांचा धरला तर निव्वळ गाणं फक्त तेरा मिनिटांचं. एकटंच गायचं असेल तर सुराला बारा टेक, एकूण १५६ टेक आणि ३९ मिनिटं. मधल्या विश्रांतीसह तीन तास धरा, आणि ते दोन बैठकांत करा. गळा थकला की आवाज चिरका होतो आणि शेवटचे सूर पहिल्यांशी जुळत नाहीत.

पट्टी : पुरुषांसाठी पांढरी एक (१३०.८ हर्ट्झ) ते वरची पांढरी एक. सापासून क्रमाने चढत जाऊ नका. मधले सूर आधी, मग खालचे, मग वरचे. क्रमाने गेलं की गळ्याचा थकवाही क्रमाने चढतो आणि तो पुढे ऐकू येतो.

संदर्भसूर एका कानात हेडफोनवर, दुसरा कान मोकळा. संदर्भ पेटीचा नको, त्यात स्वरांश फार आणि माणूस त्याच्या रंगाची नक्कल करू लागतो. साधी साइन लहर चालेल. आकार सरळ, मिंड नको, कंपन नको. जोर मध्यम. ‘आ’ सगळ्यांचा एकसारखा हवा, हे आधी ठरवून घ्या : एकाचा ‘आ’ आणि दुसऱ्याचा ‘ऑ’ असेल तर थर एकमेकांत मुरत नाहीत.

माइक तीन-चार फुटांवर. पंखा बंद. खोलीत गाद्या-पांघरुणं लावा, कारण खोलीचा घुमारा प्रत्येक टेकबरोबर तसाच जमा होत जातो. गळे वेगळे राहतात पण खोली एकच असते, म्हणून तीच वरचढ होते. दर टेकला गाणाऱ्यांनी जागा बदलायची. २४ बिट, शिखर उणे १२ डीबीच्या आत.

ऑटोट्यून (सूर आपोआप नेमका करणारं सॉफ्टवेअर) लावू नका. @निषाद यांनी वर लिहिलेली सगळी चमक त्याने पुसली जाते. २५ सेंटच्या पलीकडे गेलेला टेक मात्र टाकून पुन्हा घ्या.

आता लूप. सुराचे सगळे टेक एका स्टिरिओ फाइलमध्ये मिसळा. पहिले दोन सेकंद आणि शेवटचे दोन कापा, उरलेल्या अकरांचा लूप करा, जोडाला दोन सेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं). क्रॉसफेड इक्वल पॉवर हवा. इक्वल गेन घेतला तर मध्यावर सुमारे ३ डीबीचा खड्डा पडतो, कारण दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांशी जुळलेले नसतात. आणि तेराही लूप वेगवेगळ्या लांबीचे ठेवा : ७.३ सेकंद, ८.१, ८.९ असे. सगळे नऊ सेकंदांचे केले तर सगळ्यांचे जोड एकाच क्षणी येतात.

मग प्रत्येक लूप गाण्यापेक्षा मिनिटभर लांब पसरवा, तेरा ट्रॅक करा, आणि फेडर हाताने वाजवून ऑटोमेशन (फेडरच्या हालचाली) नोंदवा. कंट्रोलरवर आठच फेडर असतील तर दोन फेऱ्यांत. माउसने रेषा ओढून केलं की चढ-उतार सगळे एकसारखे होतात आणि ऑर्गन ऐकू येतो.

कोरी_पाटी

फारच उपयोगी. सिंगल म्हणून हे गाणं आधीपासूनच ठरलं होतं का? सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कसं गेलं?

मात्रा

नाही. ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ हा अल्बम मार्च १९७५ मध्ये आला, आणि त्यातलं पहिलं सिंगल ‘लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी’ होतं. लांबीचीच भीती होती. हे मे महिन्यात निघालं, ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर, आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर दर वेळी वेगळं गाणं होतं. रेडिओसाठी छोटी आवृत्तीही काढली. ती ऐकून या पद्धतीचा अंदाज येत नाही. पडद्याला पसरायला वेळ लागतो, म्हणून अल्बमवरचं पूर्णच ऐकावं.

कोरी_पाटी

एक शेवटची अडचण. तीन सुरांवर करून पाहिलं. क्रॉसफेड इक्वल पॉवर, लांबी वेगवेगळी, टक नाही. तरी दर फेरीला एकदा सूर किंचित खाली बसून वर येतो.

टेपकाप

वर लिहिलेला झोल तो हाच, आणि तो टेकमध्येच आहे. दम संपताना सगळेच थोडे उतरतात. चार टेकची सुरुवात एकाच रेषेत असेल तर चारही टेकचा उतारही एकाच ठिकाणी येतो. लूप करण्याआधी टेक एकमेकांच्या पुढेमागे सरकवा, अडीच-तीन सेकंदांच्या फरकाने. म्हणजे एक उतरत असेल तेव्हा दुसरा भरात असतो. त्यासाठी टेक लांब लागतील, वीस सेकंदांच्या पुढे. एका दमात जमत नसेल तर मध्ये श्वास घेऊन पुन्हा सूर धरा, फक्त तिघांनी श्वास एकाच वेळी घेऊ नका.

फेडरवाली

आणि त्या तीन सुरांवर पाहायचंच आहे तर सा, कोमल रे आणि ग घ्या. कोमल रे उणे ३६ वर ठेवून सा-ग वाजवा, मग कोमल रे पूर्ण बंद करून वाजवा. गॅफर टेप कशासाठी होती ते लगेच कळेल.